वराहपालनात आफ्रिकन स्वाइन फीव्हरवर पाळत कशी ठेवावी

आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा डुकरांचा जीवघेणा विषाणूजन्य रोग भारतात प्रथम २०२० मध्ये आसाम व अरुणाचल प्रदेशात आढळला. तो माणसाला होत नाही. मात्र डुकरांमध्ये त्यावर उपचार नाही आणि आपल्याकडे लसही वापरात नाही. त्यामुळे पाळणाऱ्याच्या हाती दोनच गोष्टी उरतात: विषाणूला फाटकाबाहेर ठेवणे आणि तो आत आलाच तर पहिल्या एक-दोन दिवसांत ओळखणे.

सुरुवात खाद्यापासून करावी. हॉटेले आणि लग्नकार्यालये यांचे खरकटे स्वस्त पडते, पण त्यातील कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या डुकराच्या मांसात विषाणू टिकून राहतो आणि गोठवलेल्या मांसात तर तो कित्येक महिने जिवंत असतो. खरकटे बंद करणे उत्तम; ते शक्य नसेल तर ढवळत ढवळत किमान अर्धा तास उकळावे आणि उकळलेल्यासाठी बादल्या वेगळ्या ठेवाव्यात. चूक बहुधा या बादल्यांतच होते.

विकत आणलेले डुक्कर, तसेच फळवण्यासाठी बाहेर पाठवलेला नर, तीस दिवस वेगळ्या जागी ठेवावा आणि त्याचे चारापाणी सर्वांत शेवटी करावे.

रोजची पाळत सकाळी खाद्य टाकताना ठेवावी. जे जनावर खाण्यासाठी उठत नाही त्याच्या गुदद्वारात थर्मामीटर लावून ताप मोजावा व वहीत नोंदवावा. निरोगी डुकराचे तापमान सुमारे १०२ अंश फॅरनहाइट असते; ते १०५ च्या वर गेले, कान व पोटाची त्वचा लालसर-जांभळी पडली, रक्ताची हगवण लागली किंवा माद्या गाभडू लागल्या, तर वाट पाहू नये. क्लासिकल स्वाइन फीव्हर या डुकरांच्या दुसऱ्या विषाणूजन्य रोगाची लक्षणेही हुबेहूब अशीच असतात. त्याची लस मात्र उपलब्ध आहे आणि ती वेळेवर टोचलेली असेल तर पशुवैद्यकाला संशयाची दिशा लवकर कळते. अंतिम निदान प्रयोगशाळेतच होते. देशातील प्रमुख प्रयोगशाळा भोपाळ येथे आहे. मेलेले जनावर घरी फाडून पाहू नये, कारण रक्तात विषाणू ठासून भरलेला असतो.

संशय येताच पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे आणि डुक्कर, मांस, शेणखत यांपैकी काहीही बाहेर जाऊ देऊ नये. आजारी जनावर पडत्या भावात खाटकाला देण्याचा मोह मी समजू शकतो, परंतु रोग गावोगाव जातो तो याच वाटेने. निदान पक्के झाल्यास एक किलोमीटरच्या परिघातील डुकरे नष्ट केली जातात आणि दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवली जाते.

त्यानंतर आधी शेण खरवडून, साबणाच्या पाण्याने जागा धुऊन मगच दोन टक्के कॉस्टिक सोडा हातमोजे घालून फवारावा. घाणीवर फवारलेले औषध वाया जाते आणि ॲल्युमिनियमची भांडी सोड्याने खराब होतात. पशुवैद्यकाने परवानगी दिल्यावरही एकदम कळप भरू नये. आधी मोजकी डुकरे सोडून काही आठवडे त्यांचा ताप मोजत राहावे.