घरचा माणूस परदेशात पकडला गेला आणि वर हेरगिरीचा आरोप, तर आपल्या सरकारकडे नक्की काय मागायचं

माझा चुलतभाऊ जहाजावर होता. एका परक्या बंदरात त्याने मोबाईलवर चारदोन फोटो काढले, त्यात मागे त्यांच्या नौदलाची बोट आली आणि त्याला उचललं. दुसऱ्या दिवशी घरी दोन मिनिटांचा फोन. काकू नुसती रडत होती, बाकीचे आम्ही "कसा आहेस, जेवलास का" हेच विचारत राहिलो, फोन कट झाला आणि मग डोक्यात आलं की अरे, तो आहे कुठे, पोलिसांकडे की लष्कराकडे, वकील मिळालाय का, हे कोणी विचारलंच नाही. पुढचे अकरा दिवस फक्त तो कुठल्या इमारतीत आहे हे शोधण्यात गेले. साडेचार महिन्यांनी तो सुटला. त्या काळात जे ठेचा खात शिकलो आणि नंतर वाचून जे कळलं ते लिहून ठेवतोय, पासपोर्ट कुठल्याही देशाचा असो, बरंचसं लागू पडेल.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या, कारण आम्ही पहिला महिना इथेच घालवला. आम्ही जिथे जाऊ तिथे एकच सांगायचो, "त्याला सोडवून आणा". समोरचा माणूस मान हलवायचा, "प्रयत्न चालू आहेत" म्हणायचा, आणि आम्ही घरी. सोडवून आणणं हे कुठल्याच सरकारच्या एकट्याच्या हातात नसतं आणि बहुतेक देशांत कायद्याने तसं बंधनही नसतं. पण याचा अर्थ सरकारला हात वर करता येतात असा अजिबात नाही. २००४ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या घटनात्मक न्यायालयासमोर ६९ नागरिकांची केस आली होती, झिम्बाब्वेत पकडलेले, इक्वेटोरियल गिनीतल्या सत्तापालटाच्या कटात असल्याचा आरोप. कोर्टाने सांगितलं की राजनैतिक संरक्षण (म्हणजे आपल्या माणसासाठी आपल्या सरकारने दुसऱ्या देशाकडे दाद मागणं) मिळालंच पाहिजे असा हक्क त्यांना नाही, पण ते मागायचा हक्क आहे आणि आलेल्या विनंतीचा नीट, तर्कशुद्ध विचार करणं सरकारचं कर्तव्य आहे. आपल्याला पाय टेकायला एवढी जागा पुरते. म्हणून एक मोठी मागणी करण्यापेक्षा तिचे छोटे छोटे तुकडे करायचे, भेट कधी, वकील कधी, औषध पोचलं का, पुढच्या सुनावणीला एम्बसीचा माणूस असेल का, प्रत्येकाचं उत्तर लेखी मागायचं. "प्रयत्न चालू आहेत" हे अशा प्रश्नाचं उत्तरच होऊ शकत नाही, हो किंवा नाही सांगावंच लागतं.

आता तो पहिला फोन. तो येईल तेव्हा एकानेच बोलायचं, जो रडणार नाही त्याने. कागदावर प्रश्न आधीच लिहून फोनजवळ ठेवा: कुठे आहेस, कोणी पकडलंय, कुठल्या कलमाखाली, सही कशावर केलीस, औषधं आहेत का. आणि त्याला एक वाक्य सांगायचंच, "माझ्या एम्बसीला कळवा असं तिथल्या अधिकाऱ्याला स्पष्ट सांग, रोज सांग". याला कारण आहे. १९६३ च्या व्हिएन्ना कॉन्सुलर कराराच्या कलम ३६ नुसार पकडलेल्या परदेशी माणसाला त्याचा हा हक्क विनाविलंब सांगावा लागतो, आणि त्याने मागणी केली की त्याच्या देशाच्या वकिलातीला कळवावं लागतं. म्हणजे गाडी त्याच्या मागणीवर अडते (काही देशांचे आपसात असे करार आहेत की मागितलं नाही तरी कळवायचंच, पण त्यावर विसंबू नका). उलटपक्षी त्याने "मला एम्बसीची मदत नको" असं लिहून दिलं तर एम्बसीला त्याच्या वतीने काही करता येत नाही, आणि घाबरलेल्या माणसाकडून अशी सही घेणं काही अवघड नसतं. न कळणाऱ्या भाषेतल्या कागदावर दुभाष्याशिवाय सही नको, हेही त्याच फोनवर सांगा.

फोन आलाच नाही तर थांबू नका, तुम्हीच एम्बसीला आणि आपल्या परराष्ट्र मंत्रालयाला मेल टाका. पूर्ण नाव पासपोर्टप्रमाणे, पासपोर्ट नंबर, जन्मतारीख, शेवटचा संपर्क कधी आणि कुठून, आजार आणि औषधं. आमच्याकडे भावाच्या पासपोर्टची कॉपी नव्हती, ती त्याच्या एजंटकडून काढायला तीन दिवस गेले. आज घरात कोणी बाहेर असेल तर आजच फोटो काढून ठेवा.

आता खरा मुद्दा. तिथले अधिकारी म्हणतात "हे राष्ट्रीय सुरक्षेचं प्रकरण आहे, भेट देता येणार नाही". आणि गंमत म्हणायची नाही पण आपलं सरकारही कधी कधी हेच शब्द वापरून घरच्यांना गप्प करतं. दोन्हीकडून तेच कुलूप. या कुलपाची एक किल्ली आहे आणि ती म्हणजे कुलभूषण जाधव खटल्याचा निकाल. जाधवांना पाकिस्तानने मार्च २०१६ च्या सुरुवातीला पकडलं, भारताला कळवलं २५ मार्चला, म्हणजे जवळपास तीन आठवड्यांनी. भारताने त्याच दिवशी कॉन्सुलर भेट (म्हणजे एम्बसीच्या अधिकाऱ्याने कैद्याला भेटणं) मागितली, मग पुन्हा पुन्हा मागितली, मिळाली नाही. एप्रिल २०१७ मध्ये लष्करी न्यायालयाने फाशी सुनावली. भारत मे २०१७ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. पाकिस्तानचं म्हणणं होतं की हेरगिरीच्या आरोपीला कलम ३६ लागूच होत नाही, शिवाय दोन देशांतला २००८ चा करार सुरक्षेच्या प्रकरणात वेगळा विचार करायची मुभा देतो. १७ जुलै २०१९ ला कोर्टाने हे दोन्ही फेटाळलं. कलम ३६ मध्ये हेरगिरीसाठी अपवाद नाही, आणि पकडल्यावर तीन आठवड्यांनी कळवणं म्हणजे विनाविलंब कळवणं नव्हे. त्याच निकालात कोर्टाने सुटकेची भारताची मागणी मात्र मान्य केली नाही, खटल्याचा परिणामकारक फेरविचार करा एवढंच सांगितलं. मी वर जे म्हणालो ते इथे सगळ्यात मोठ्या पातळीवर दिसतं, सुटका मागितली ती मिळाली नाही, भेट मागितली ती मिळाली, सप्टेंबर २०१९ मध्ये भारतीय अधिकारी पहिल्यांदा त्यांना भेटला. आणि भारताने पहिल्याच दिवसापासून भेट लेखी मागितलेली होती, प्रत्येक पत्राची तारीख होती, म्हणून ते कोर्टात उभं राहिलं. तुमच्या पत्रात या निकालाचं नाव आणि तारीख घाला, समोरचा कारकून असो की सचिव, हवेत बोलता येत नाही.

याच प्रकरणातली अजून एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. २५ डिसेंबर २०१७ ला त्यांची आई आणि पत्नी इस्लामाबादला भेटायला गेल्या, मध्ये काच होती, बोलणं इंटरकॉमवरून. भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने दुसऱ्या दिवशी सांगितलं की आईला मातृभाषेत बोलू दिलं नाही, मध्ये मध्ये थांबवलं. मुलाला इतक्या दिवसांनी बघायचं आणि आपल्या भाषेत बोलायचं नाही! भेट मंजूर झाली की भाषा कुठली, दुभाषी कोणाचा, मध्ये काच आहे का, किती वेळ, हे आधी लेखी ठरवून घ्या. आणि घरच्यांची भेट झाली म्हणजे कॉन्सुलर भेट झाली असं कोणालाही म्हणू देऊ नका, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पहिलीत तुम्ही असता, दुसरीत तुमचं सरकार.

पत्र कसं असावं तर एका पानाचं. आम्ही पहिलं पत्र सात पानांचं लिहिलं होतं, त्याचा स्वभाव किती चांगला, शाळेत कसा हुशार, सगळं. कोणी वाचलं नसणार. नंतर एका वकील बाईंनी सांगितलं तसं लिहिलं: "दिनांक अमुकपासून अमुक ठिकाणी अटकेत. कॉन्सुलर भेट मिळालेली नाही. कलम ३६ नुसार भेट मागितली आहे का, कोणत्या तारखेला, काय उत्तर आलं, हे सात दिवसांत लेखी कळवावे." बस. पोच घ्या, नसेल देत तर स्पीड पोस्टाने आणि मेलने दोन्हीकडून पाठवा. खासदाराला कॉपी द्या, संसदेत प्रश्न विचारला की मंत्रालयाला काहीतरी छापील उत्तर द्यावं लागतं. एक वही ठेवा, तारीख, वेळ, कोणाशी बोललो, काय म्हणाला. आमच्या वहीत एकाच ऑफिसातून एकाच आठवड्यात आलेली तीन वेगवेगळी उत्तरं होती, आणि ती वही टेबलावर ठेवल्यावरच पहिल्यांदा खुर्ची सरकवून बसायला सांगितलं.

एम्बसीकडून काय होणार नाही तेही माहीत असू द्या, नाहीतर नुसता संताप होतो. ते केस लढत नाहीत, वकिलाची यादी देतात, फी बहुतेक ठिकाणी तुमची. निकालात ढवळाढवळ करत नाहीत. तब्येत बघणं, निरोप पोचवणं, मारहाण झाली असेल तर तक्रार करणं, कोर्टात बसणं हे मात्र त्यांचं काम आहे आणि ते मागायला लाजू नका. खटला बंद दाराआड चालवला तरी बाहेर येऊन उभं राहा म्हणावं. मार्च २०२१ मध्ये चीनमध्ये मायकल स्पेव्हर आणि मायकल कोव्हरिग या कॅनडाच्या दोन नागरिकांवर हेरगिरीचे खटले चालले तेव्हा कॅनडाच्या अधिकाऱ्यांना आत सोडलं नाही, ते दारात उभे राहिले, सोबत इतर देशांचे राजनैतिक अधिकारीही. त्याने निकाल बदलला नाही, पण या माणसाला कोणी विसरलेलं नाही हे सगळ्या जगाने बघितलं.

आता जरा नाजूक भाग. तुमचं सरकार म्हणजे एकच माणूस नाही. कॉन्सुलर विभाग मदतीसाठी येतो, गुप्तचर विभाग माहितीसाठी येतो, आणि दोघांच्या खिशात एकाच देशाचं ओळखपत्र असतं. ओमर खद्र हा कॅनडाचा मुलगा, १६ वर्षांचा असताना २००३ मध्ये ग्वांतानामोच्या अमेरिकी लष्करी तुरुंगात त्याला भेटायला त्याच्याच देशाचे अधिकारी आले, त्याला वाटलं मदत आली, ते चौकशी करायला आले होते आणि ती माहिती अमेरिकेला दिली गेली. कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये याला हक्कांचं उल्लंघन ठरवलं. कॅनडाचेच नागरिक माहेर अरार यांचं तर आणखी वाईट, २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या विमानतळावर पकडून त्यांना सीरियाला पाठवलं, तिथे छळ झाला, आणि मुळात कॅनडाच्याच पोलिसांनी अमेरिकेला चुकीची माहिती दिली होती असं २००६ च्या चौकशीत निघालं. पुढच्या वर्षी पंतप्रधानांनी माफी मागितली आणि १ कोटी ५ लाख कॅनेडियन डॉलर भरपाई दिली. हे घाबरवायला सांगत नाहीये. भेटायला आलेल्या प्रत्येकाला "आपण कुठल्या विभागाचे" हे विचारा, आतल्या माणसालाही विचारायला सांगा, आणि खटल्याबद्दलचं काहीही बोलायचं ते फक्त वकिलाशी.

मीडियात जायचं की नाही, यावर माझं मत असं की आधी सरकारला ठराविक मुदत द्या आणि ती मुदत संपली की बोला, पण एकाच तोंडाने आणि तपासलेलं तेवढंच. एक चुकीचं वाक्य काय करतं बघा. नाझनीन झघारी-रॅटक्लिफ इराणमध्ये कैदेत असताना नोव्हेंबर २०१७ मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री बोरिस जॉन्सन संसदेच्या समितीसमोर म्हणाले की नाझनीन तिथे लोकांना पत्रकारिता शिकवत होत्या. घरचे जीव तोडून सांगत होते की ती सुट्टीवर गेली होती. काही दिवसांत तेच वाक्य इराणच्या कोर्टात तिच्याविरुद्ध वापरलं गेलं. म्हणून मंत्र्याला, खासदाराला, पत्रकाराला भेटायच्या आधी चार ओळींचा कागद द्या आणि सांगा की याच्या पलीकडे काही बोलू नका. तिची सुटका शेवटी मार्च २०२२ मध्ये झाली, त्याच वेळी ब्रिटनने रणगाड्यांच्या जुन्या सौद्यातले जवळपास ४० कोटी पाउंड इराणला परत केले. तिच्याकडे दोन्ही देशांचं नागरिकत्व होतं आणि इराण दुहेरी नागरिकत्व मानत नाही, तुमच्या माणसाचं तसं असेल तर पहिल्याच पत्रात लिहा, लपवलंत तर तिथेच सगळं अडकतं.

सरकारं देवाणघेवाण करतात, डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेने रशियात कैदेत असलेली आपली बास्केटबॉल खेळाडू ब्रिटनी ग्रायनर हिच्यासाठी शस्त्रांचा व्यापारी व्हिक्टर बाउट रशियाला परत दिला. यात सरकारची अडचणही खरी आहे, किंमत मोजली की उद्या आणखी कोणी पकडलं जाईल ही भीती खोटी नाही. पण तो हिशोब सरकारने करायचा, आईने नाही. तुम्ही मागत राहा. फक्त "पैसे द्या, आतून काम करतो" म्हणणारा मध्यस्थ आला तर त्याला दारातूनच परत पाठवा, आम्हाला असे दोन फोन आले होते.

तुम्ही स्वतः हेगच्या कोर्टात जाऊ शकत नाही, तिथे फक्त देश जातात. पण संयुक्त राष्ट्रांचा मनमानी अटकेसंबंधीचा एक कार्यगट आहे, १९९१ पासूनचा, तिथे घरचे किंवा वकील थेट अर्ज करू शकतात आणि त्यासाठी तिथल्या सगळ्या कोर्टांच्या पायऱ्या आधी झिजवाव्या लागत नाहीत. जिवाला धोका असेल तर तातडीचं आवाहन करायची सोय आहे. वहीतल्या तारखा इथे जशाच्या तशा कामाला येतात.

शिक्षा झालीच तर दोन देशांत कैदी हस्तांतराचा करार आहे का ते विचारा, असेल तर उरलेली शिक्षा घराजवळच्या तुरुंगात भोगता येते, पण त्यासाठी निकाल अंतिम लागतो आणि अपील करायचं की हस्तांतर मागायचं हे वकिलाबरोबर बसून ठरवावं लागतं. आणि सुटून आला की विमानतळावर आपलेच अधिकारी चौकशीला थांबलेले असू शकतात. भावाच्या वेळी रात्री दोन वाजता तो बाहेर आला आणि त्याला सरळ एका खोलीत नेलं, चार तास. ते त्यांचं काम आहे, पण आधीच मेल टाकून डॉक्टर, कपडे आणि घरच्यांशी दहा मिनिटं आधी मागून घ्या. आम्ही मागितली नव्हती, काकू काचेच्या दारापलीकडे सकाळपर्यंत उभी होती.