वकिलाने टोपणनावाने ब्लॉग लिहिताना स्वतःच्या मर्यादा कशा आखाव्यात

कोर्टात रोज जे दिसते ते वकिलांनी लिहायला हवे. तारखेवर तारीख का पडते, उलटतपासणीत साक्षीदार नेमका कुठे अडखळतो, एका अर्जामागे ज्युनियरच्या किती रात्री जातात, हे बाहेरच्या माणसाला दुसरे कोण सांगणार? स्वतःच्या नावाने लिहिले तर सीनियर, न्यायाधीश आणि अशील या सगळ्यांच्या नजरा वळतात, म्हणून टोपणनाव घ्यावे लागते. पण टोपणनावामागे झाकला जातो तो फक्त वकील. लेखातला अशील स्वतःला बरोबर ओळखतो. त्याचा भाऊ आणि समोरचा पक्षही त्याला ओळखतात. म्हणून मर्यादा आखताना एकच गोष्ट धरून चालावे: आपले नाव कधीतरी उघड होणार आहे, आणि त्या दिवशीही लिहिलेली एकही ओळ आपल्याला अडचणीत आणता कामा नये.

१. आधी एक पान लिहून काढा

मनातल्या मनात ठरवलेली मर्यादा वाईट गेलेल्या दिवशी टिकत नाही. पहिला लेख लिहिण्याआधी कागदावर तीन याद्या करा.

पहिली यादी ‘कधीच नाही’ची. आपली किंवा आपल्या कार्यालयाची चालू प्रकरणे, अशिलाने विश्वासाने सांगितलेले काहीही, बंद दाराआडच्या तडजोडी, अल्पवयीन मुले, लैंगिक अत्याचाराची प्रकरणे, कार्यालयातले पगार आणि भांडणे या यादीत जातील.

दुसरी यादी ‘थांबून’ची. निकाल लागलेले प्रकरण हातावेगळे झाले असे वाटते, पण अपिलाची मुदत संपेपर्यंत ते जिवंत असते. अपील झाले तर त्याचा निकाल लागेपर्यंत थांबा आणि त्यानंतरही वर्षभर जाऊ द्या. वर्षभराने तपशील पुसट होतात आणि आपला रागही निवळतो. मात्र थांबल्याने गोपनीयता संपत नाही. अशिलाशी असलेले नाते संपल्यावरही ती कायम राहते, म्हणून या यादीतला मजकूर पुढच्या पायरीतल्या चाचण्यांतून गेलाच पाहिजे.

तिसरी यादी मोकळेपणाने लिहिण्याच्या विषयांची: आपला संबंध नसलेले प्रसिद्ध निकाल, कायद्यातले बदल, कोर्टाची कार्यपद्धती, मसुदा लिहिण्याचे तंत्र, नव्या वकिलाची कमाई आणि कामाचे तास. ही तिसरी यादी सर्वांत लांब असायला हवी. तिच्यात वीस विषयही भरत नसतील तर लेखन सुरू करायची घाई करू नका. विषय संपले की हात आपोआप पहिल्या यादीकडे जातो.

याद्या करताना दोन कागदपत्रे शेजारी ठेवा. एक म्हणजे ज्या बार कौन्सिलची, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेची, सनद आहे तिचे नियम. त्यांतली गोपनीयता, जाहिरात, प्रलंबित प्रकरणांवरील भाष्य आणि इतर वकिलांविषयीचे वर्तन हे चार विषय वाचाच. दुसरे म्हणजे आपला नोकरीचा करार किंवा सेवानियम. सरकारी वकिलांना आणि मोठ्या फर्ममधल्या वकिलांना जाहीर लेखनासाठी परवानगी लागू शकते, आणि टोपणनाव घेतल्याने ती अट सुटत नाही.

२. अशिलाभोवतीची रेषा

बहुतेक वकिलांची इथेच फसगत होते. ‘हे तर उघड कोर्टात झाले, रेकॉर्डवर आहे’ हा युक्तिवाद पुरेसा नाही. अमेरिकन बार असोसिएशनने मार्च २०१८मध्ये दिलेल्या ४८० क्रमांकाच्या औपचारिक मतात ब्लॉगसारख्या जाहीर लेखनाचा थेट उल्लेख आहे. अशिलाच्या प्रतिनिधित्वाशी संबंधित माहिती सार्वजनिक नोंदीत असली तरी वकिलावरचे गोपनीयतेचे बंधन सुटत नाही, असे ते मत सांगते. काल्पनिक उदाहरण म्हणून मांडलेल्या मजकुरातून अशील ओळखता येण्याची वाजवी शक्यता असेल, तर तेही चालत नाही. अमेरिकेतल्याच इलिनॉय राज्यात सरकारी खर्चाने आरोपींचा बचाव करणाऱ्या एका वकिलाने आपल्या ब्लॉगवर अशिलांची पहिली नावे, नावांची बदललेली रूपे आणि तुरुंगातले क्रमांक वापरले होते. नोकरी गेली आणि २०१०मध्ये ६० दिवसांसाठी सनदही निलंबित झाली.

नाव काढले म्हणजे ओळख पुसली असे होत नाही. संगणकशास्त्रज्ञ लतान्या स्वीनी यांनी १९९०च्या अमेरिकी जनगणनेच्या आकड्यांवरून २०००मध्ये दाखवून दिले, की जन्मतारीख, लिंग आणि पाच आकडी पिनकोड एवढ्या तीनच गोष्टींवरून तिथल्या सुमारे ८७ टक्के लोकांना वेगळे ओळखता येण्याची शक्यता आहे. खटल्याच्या वर्णनात तर तीनपेक्षा कितीतरी जास्त तपशील असतात.

म्हणून मसुदा तयार झाला की त्यातला प्रत्येक ओळखदर्शक तपशील अधोरेखित करा: वय, व्यवसाय, नाते, ठिकाण, रक्कम, महिना, दुखापत, हत्यार, कोर्टात उच्चारलेले वाक्य. मग एकेक तपशील खोडून पाहा. कायद्याचा मुद्दा तरीही समजत असेल, तर तो तपशील नकोच होता. दोनाहून अधिक तपशील उरले तर तो प्रसंग सोडून द्या. दोन ही संख्या कुठल्या नियमात लिहिलेली नाही, पण हातात मोजपट्टी असली की स्वतःची समजूत घालायला जागा राहत नाही. शेवटी मजकुरातले पाच-सहा ठळक शब्द शोधयंत्रात टाका. बातमी किंवा निकालपत्र वर आले, तर लेख बाजूला ठेवा.

तपशील बदलतानाही एक चूक वारंवार होते. पुरुषाची बाई केली, गाव बदलले, रक्कम दुप्पट केली, पण घटनांचा क्रम तसाच ठेवला, की ओळख पटते. माणसे प्रकरण ओळखतात ते त्यातल्या वळणांवरून: आधी सही, मग आजारपण, मग अचानक उगवलेला तिसरा वारस. त्यामुळे बदलायचा तो सांगाडा. जागेच्या वादातला मुद्दा भागीदारीच्या वादात नेऊन मांडता येतो का ते पाहा, किंवा अनेक वर्षांच्या अंतराने आलेल्या तीन-चार प्रकरणांतला फक्त समान धागा घ्या. ‘ही खरी घटना आहे’ असे लिहू नका. ते वाक्य वाचूनच शोधाशोध सुरू होते.

अशिलाची लेखी संमती हा मार्ग नियमांत असतो. पण संमती मागायची तर आपणच तो लेखक आहोत हे त्याला सांगावे लागते, आणि ज्याला आपली गरज आहे त्याचा होकार कितपत मोकळा असतो हाही प्रश्नच आहे. टोपणनावाने लिहिणाऱ्याने हा मार्ग सोडलेलाच बरा.

३. न्यायाधीश, सहकारी आणि समोरचा वकील

टीका निकालपत्रातल्या तर्कावर करावी. न्यायाधीशाचा स्वभाव, आवाज, वेळ पाळण्याची सवय यांवर लिहिले की लेखक कोणत्या कोर्टात उभा राहतो ते लगेच कळते, आणि अवमानाचा प्रश्न उभा राहिला तर टोपणनाव कामी येत नाही. चार जणांसमोर झालेले संभाषण कधीच लिहू नका. ते वाचून उरलेल्या तिघांना हिशेब करायला वेळ लागत नाही.

आपल्या कार्यालयाच्या प्रकरणांवर दुसरीकडेही टोपणनावाने मत देऊ नये. न्यू ऑर्लिन्समध्ये २०१२साली एका वृत्तसंकेतस्थळावरच्या निनावी प्रतिक्रिया ज्येष्ठ संघीय अभियोक्त्याच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या वकिलाच्या, असल्याचे उघड झाले. चौकशीच्या फेऱ्यात सापडलेल्या एका व्यावसायिकाच्या बाजूने लेखनशैलीची तुलना करून घेतली होती. अभियोक्त्याला राजीनामा द्यावा लागला आणि २०१८मध्ये सनद गेली. पण खरे नुकसान दुसऱ्याच लोकांचे झाले. कॅटरिना वादळानंतरच्या डॅन्झिगर पुलावरील गोळीबार प्रकरणात पोलिसांना झालेली शिक्षा सप्टेंबर २०१३मध्ये रद्द होऊन फेरसुनावणीचा आदेश निघाला, आणि या निनावी प्रतिक्रिया हे त्यामागचे मोठे कारण होते. पीडितांच्या कुटुंबांना पुन्हा पहिल्यापासून वाट पाहावी लागली.

४. स्वतःविषयी किती सांगायचे

एकेका लेखात आपण थोडेच सांगतो, पण चाळीस लेखांची बेरीज मोठी होते. एका लेखात वकिलीची वर्षे, दुसऱ्यात मुलाची परीक्षा, तिसऱ्यात पाठदुखी, चौथ्यात सीनियरचे निधन. म्हणून एक नोंदवही ठेवा आणि स्वतःविषयी सांगितलेली प्रत्येक गोष्ट लेखाच्या तारखेसह तिच्यात लिहा. सुरुवातीलाच तीन गोष्टी जाहीर करायच्या ठरवा, उदाहरणार्थ फौजदारी काम, दहाहून अधिक वर्षे, मोठे शहर. चौथी सांगायची नाही. खोटी माहिती मात्र पेरू नका. मोघम राहण्यात गैर काही नाही, पण नसलेली पात्रता किंवा पद सांगणे हा स्वतंत्र गैरव्यवहार ठरू शकतो.

भाषेवरूनही माग लागतो. आपला लाडका वाक्प्रचार, ठरावीक लॅटिन वचन, विरामचिन्हांची खास सवय अर्जांतही दिसते आणि लेखांतही. स्वतःच्या नावाने केलेले मसुदे आणि टोपणनावाचे लेख शेजारी ठेवून वाचा आणि दोन्हीकडे सापडणारे दुर्मीळ शब्द लेखांतून काढा.

गुपित किती जणांना सांगायचे? फार तर दोघांना. २०१३मध्ये एका जगप्रसिद्ध ब्रिटिश लेखिकेचे टोपणनाव फुटले ते तिच्या सॉलिसिटर फर्ममधल्या भागीदारामुळे. त्याने पत्नीच्या मैत्रिणीला सांगितले आणि तिथून ते बाहेर गेले. गोपनीयता राखणे हाच ज्याचा पेशा, त्याच्याकडूनही हे घडले.

५. तांत्रिक बाजू

लेखनासाठी वेगळा ई-मेल आणि ब्राउझरमध्ये वेगळे प्रोफाइल वापरा. कार्यालयाचा संगणक आणि वायफाय वापरू नका, तिथे नोंदी राहतात. खात्याला रोजचा मोबाइल क्रमांक जोडला तर संपर्कयादीवरून तुमचे खाते ओळखीच्यांना सुचवले जाऊ शकते, म्हणून दुहेरी पडताळणी ॲपवरून करा. फोटोत जागा आणि वेळ लपलेली असते, तर वर्ड व पीडीएफ फाइलमध्ये लेखकाचे नाव. पीडीएफवर नुसती काळी पट्टी ओढली तर खालचा मजकूर कॉपी करता येतो, त्यामुळे कोर्टाची कागदपत्रे जोडूच नका. लेख ठरावीक वेळी आपोआप प्रसिद्ध होतील असे लावा. सुनावणी संपल्यावर तासाभरात आलेला लेख त्या दिवसाच्या बोर्डाकडे, म्हणजे सुनावणीच्या यादीकडे, बोट दाखवतो.

६. वाचकांपासूनचे अंतर

लेख लोकप्रिय झाला की निरोप येऊ लागतात: ‘माझ्या केसमध्ये काय करू?’ मदत करावीशी वाटते, आणि नेमका तिथेच धोका आहे. १९८०मध्ये मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या टॉगस्टॅड प्रकरणात वकिलाने एकाच भेटीत ‘यात केस दिसत नाही’ असे सांगितले होते. फी घेतली नव्हती, करार नव्हता. त्या शब्दांवर विसंबलेल्या कुटुंबाची दावा लावायची मुदत निघून गेली. न्यायालयाने वकील-अशील नाते जुळल्याचे मान्य केले आणि सुमारे साडेसहा लाख डॉलरची भरपाई कायम केली.

दुसरा धोका हितसंबंधांचा. निरोप पाठवणारा कदाचित तुमच्याच अशिलाचा विरोधक असेल. तुम्ही कोण हे त्याला ठाऊक नसते, आणि तो सगळी हकिकत लिहून मोकळा होतो. म्हणून संपर्काच्या जागीच सूचना टाका: ‘कृपया आपल्या प्रकरणाची माहिती पाठवू नये. इथे वैयक्तिक सल्ला दिला जात नाही.’ तरीही निरोप आला तर पहिल्या दोन ओळींवरून विषय कळताच वाचणे थांबवा आणि एकच ठरलेले उत्तर द्या: ‘मी सल्ला देऊ शकत नाही. कायद्यात मुदतीचे बंधन असते, म्हणून आपल्या भागातल्या वकिलाला किंवा मोफत विधी सेवा केंद्राला लवकर भेटा.’ मुदतीचे ते वाक्य कधीही गाळू नका. सल्ला न देताही त्या माणसाचे मोठे नुकसान त्याने टळू शकते. आणि टोपणनावाआडून स्वतःकडे कामही वळवू नका. ती छुपी जाहिरात होते.

७. वेळ आणि मनःस्थिती

मसुदा आणि प्रसिद्धी यांत किमान ४८ तास जाऊ द्या. निकाल विरोधात गेला असेल तर आठवडाभर. राग कागदावर उतरवायचा असेल तर हाताने, वहीत लिहा, संगणकावर नको. आठवड्याचे तास ठरवून घ्या, आणि मोठ्या खटल्याची सुनावणी चालू असताना ब्लॉग बंद ठेवा.

८. नाव फुटले तर

इंग्लंडमध्ये ‘नाइट जॅक’ या नावाने लिहिणाऱ्या पोलिस अधिकाऱ्याने एका वृत्तपत्राने आपली ओळख जाहीर करू नये म्हणून न्यायालयात धाव घेतली. जून २००९मध्ये उच्च न्यायालयाने मनाई द्यायला नकार दिला. ब्लॉगलेखन हे मुळात सार्वजनिक काम आहे, असे न्यायालय म्हणाले. त्या वृत्तपत्राच्या बातमीदाराने त्याच्या ई-मेल खात्यात परवानगीशिवाय प्रवेश केला होता, हे नंतर उघड झाले आणि २०१२मध्ये भरपाईही मिळाली. पण गेलेले नाव परत झाकता आले नाही. बदनामीच्या दाव्यात तर सेवा देणाऱ्या कंपनीकडून लेखकाची माहिती मागवण्याचे आदेश न्यायालये देऊ शकतात.

त्यामुळे तयारी आधीच करा. कार्यालयप्रमुखाला द्यायचे चार ओळींचे निवेदन लिहून ठेवा. सर्व लेखांची तारखांसह प्रत जपून ठेवा. नाव फुटल्याचे कळताच घाबरून ब्लॉग पुसू नका. नोटीस आली असेल किंवा येण्याची चिन्हे असतील, तर ते पुरावा नष्ट करणे ठरू शकते. आधी दुसऱ्या वकिलाचा सल्ला घ्या, मगच काहीही हलवा.

पहिल्या पायरीतले पान दर तीन महिन्यांनी काढून वाचा. नोकरी बदलली, सरकारी पॅनलवर नेमणूक झाली किंवा न्यायाधीशपदासाठी अर्ज करायचा झाला, तर त्याआधी सगळे जुने लेख पहिल्यापासून वाचा. नव्या कार्यालयाच्या अशिलांशी संबंध येणारे लेख वेगळे काढा. कोणताही वाद किंवा नोटीस नसताना, सावकाश, प्रत जपून ते खाली उतरवता येतात.