यॉट बांधायच्या कामाला जाताय? आधी गिऱ्हाईक कोण ते बघा

गेल्या महिन्यात डिचोलीच्या आयटीआयमधल्या दोन पोरांचा फोन आला, दादा यॉट बांधायच्या कंपनीत जावं का, इन्स्टावर पांढऱ्याशुभ्र बोटी बघितल्या, पगार पण बरा असेल ना. अर्धा तास बोललो तरी निम्मं राहिलंच, म्हणून म्हटलं सरळ लिहूनच काढू.

मी फिटर. २०११ ला मांडवीच्या काठावरच्या एका यार्डात लागलो, नाव लिहीत नाही, पात्रांव (म्हणजे मालक) माणूस वाईट नव्हता. फिटर म्हणून घेतलं आणि पहिल्याच दिवशी हातात रोलर दिला, म्हणजे फायबर लॅमिनेशन. आमच्याकडे दोन प्रकारची कामं यायची, एक म्हणजे हॉटेलवाल्यांच्या, पोलिसांच्या, प्रवासी बोटी, आणि दुसरं म्हणजे श्रीमंतांच्या लक्झरी बोटी, त्यातल्या काही बाहेरच्या देशात जायच्या. आम्हा पोरांचा डोळा अर्थात दुसऱ्या शेडवर. २०२४ ला त्याच शेडमधून मला बाहेर काढलं.

आधी काम काय असतं ते सांगतो, कारण इन्स्टावर ते दिसत नाही. साच्याला मेण लावायचं, मग जेलकोट म्हणजे बाहेरचा गुळगुळीत थर, तो नीट धरला की काचेच्या धाग्यांची मॅट, त्यावर रोव्हिंग म्हणजे जाड विणलेलं काचेचं कापड, त्यावर रेझिन, रोलरने हवा काढायची, परत मॅट, असे थरावर थर. रेझिनमध्ये हार्डनर टाकायचा तो शंभराला एक ते दोन, त्यापुढे नाही, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात तर एक सुद्धा जास्त होतो, बादली हातात असतानाच गरम होऊन दगड. पावसात उलटं, हवेतच पाणी, थर नीट धरतच नाही. एक गोष्ट मात्र आत्ताच पाठ करा. कोबाल्ट (रेझिन लवकर धरावं म्हणून घालतात ते) आणि हार्डनर थेट एकत्र आले तर भडका उडतो, स्फोट पण होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा आणि हार्डनर त्यानंतर, वेगळ्या मापाने. आजकाल बरंच रेझिन कोबाल्ट घालूनच येतं, तरी ड्रमवरचं लेबल वाचल्याशिवाय काही ओतू नका. आणि सँडिंगची खाज. माझी आई माझे कामाचे कपडे घरच्या कपड्यांत कधीच मिसळू द्यायची नाही, वेगळी बादली.

आता लक्झरी बोटीचं गणित. साधी प्रवासी बोट असली की हल म्हणजे बोटीचं खालचं कवच झालं, डेक बसला, इंजिन लागलं, सीट टाकल्या, नारळ फोडला, गेली पाण्यात. यॉटमध्ये हल म्हणजे नुसती सुरुवात, खरे तास जातात फिनिशिंगला. लांबी (पुट्टी) घासून घासून आरशासारखा पृष्ठभाग काढायचा, सागवानाचं डेक, आतलं सुतारकाम, गाद्या, लाईट, एसी, पंप, वायरिंग. एका लाकडी कपाटाचं दार आमच्या मेस्ताने (सुताराने) तीनदा परत बसवलेलं मी बघितलंय, कारण गिऱ्हाइकाला फट दिसत होती, आम्हाला कोणाला दिसत नव्हती. या कामाला माणसं भरपूर लागतात म्हणून भरती पण भरपूर होते, आणि म्हणूनच ऑर्डर तुटली की कपात पण मोठी होते.

ऑर्डर आटल्याची खबर ऑफिसमधून कधीच येत नाही, शेडमधून येते. आधी मोल्ड शॉप, म्हणजे साच्यांची शेड, थंड पडतं. साचा रिकामा झाला आणि त्यावर ताडपत्री टाकली की समजायचं पुढची बोट नाही. पण त्या वेळी पॉलिशवाले मात्र रात्रीपर्यंत कामात असतात, कारण त्यांच्याकडे चार-सहा महिन्यांपूर्वीच्या ऑर्डरी असतात, ते म्हणतात कुठाय मंदी, आम्हाला तर ओव्हरटाइम आहे. मग ओव्हरटाइम बंद, मग रेझिनचे ड्रम पूर्वी टेम्पो भरून यायचे ते दोन-दोन येतात, मग काँट्रॅक्टरची पोरं दिसेनाशी होतात, विशेषतः ओडिशा-झारखंडची, ती गावी गेली असं सांगतात, आणि सगळ्यात शेवटी आपण. हे मी २०२३ च्या दिवाळीनंतर डोळ्याने बघत होतो आणि तरी बाईकचं लोन काढलं. अक्कल.

हे झालं कशामुळे, तर कारण गोव्यात नव्हतंच. कोविडमध्ये लोकांना विमान नको, हॉटेल नको, मग ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी बोटी घेतल्या. अमेरिकेत २०२० मध्ये ३ लाखांहून जास्त नव्या मोटरबोटी विकल्या गेल्या, तेरा वर्षांतला उच्चांक. सगळ्यांनी माणसं भरली. मग २०२२ च्या मार्चपासून तिथल्या मध्यवर्ती बँकेने व्याजदर वाढवायला घेतले, जवळपास शून्यावरून दीड वर्षात सव्वापाच टक्क्यांच्या वर. बोट बहुतेक लोक कर्जावर घेतात, आणि डीलर सुद्धा यार्डात उभ्या केलेल्या बोटी कर्जावरच ठेवतो, म्हणजे न विकलेली बोट रोज त्याचे पैसे खाते. मग डीलर म्हणतो आधी हा माल खपू दे. झालं, बोटी बांधणाऱ्या ब्रन्सविकसारख्या मोठ्या कंपनीने उत्पादन कमी केलं, फ्रान्सच्या बेनेटोने २०२४ मध्ये कामगारांना कमी तासांवर आणलं. गंमत म्हणजे अगदी वरचे, पन्नास मीटरच्या यॉटवाले, त्यांना व्याजदराशी काय घेणंदेणं, त्यांच्या ऑर्डरी बऱ्यापैकी टिकल्या. मार खाल्ला तो मधल्या आणि लहान बोटींनी, आणि आमच्यासारखी यार्डं मधल्यावरच जगतात.

दुसरं कारण टॅक्स. हा जुना किस्सा आहे, अमेरिकेने १९९१ पासून बोटीच्या १ लाख डॉलरच्या वरच्या किमतीवर १० टक्के लक्झरी टॅक्स लावला, हेतू काय तर श्रीमंतांकडून पैसे काढायचे. श्रीमंतांनी बोट घेणं पुढे ढकललं, कोणी जुनी घेतली, आणि घरी बसले ते रोलरवाले. १९९३ ला टॅक्स मागे घ्यावा लागला. आपल्याकडे बघा, हौसेच्या यॉटवर आधी २८ टक्के जीएसटी आणि वर ३ टक्के सेस होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून सरळ ४० टक्के. आणि प्रवासी फेरी, मालवाहू बार्ज, मासेमारीची बोट यांना ५ टक्के. तेच रेझिन, तीच मॅट, तोच रोलर, तोच मी. हा फरक ज्याला कळला त्याला कुठल्या शेडमध्ये उभं राहायचं ते पण कळेल.

गोव्याला ही गोष्ट नवीन नाही खरं तर. २०१२ ला खाणी बंद झाल्या तेव्हा मी नवखा होतो, मांडवी-झुआरीवरून खनिज घेऊन मुरगावला जाणाऱ्या बार्ज रांगेने बांधून ठेवलेल्या दिसायच्या. २०१८ ला सुप्रीम कोर्टाने खाणींच्या ८८ लीज रद्द केल्या, १६ मार्चपासून परत बंद. बार्ज बांधणारे, दुरुस्त करणारे वेल्डर तेव्हा आमच्या गेटवर कामाला विचारायला यायचे, वीस वर्षं प्लेट जोडलेली माणसं. पात्रांव म्हणायचा फायबर येतं का, ते म्हणायचे नाही. पण त्यातले जे अ‍ॅल्युमिनियमचं वेल्डिंग शिकले ते आज माझ्यापेक्षा जास्त कमावतात, हे पण लिहून ठेवतो.

आणि नुसत्या नावावर जाऊ नका. दिवाडीत नौदलाच्या म्हादेई आणि तारिणी या शिडाच्या बोटी बांधल्या, त्यांनी जगाला फेऱ्या मारल्या, म्हादेईवरून दोन अधिकाऱ्यांनी वेगवेगळ्या वेळी एकेकट्याने आणि तारिणीवरून २०१७-१८ ला सहा महिला अधिकाऱ्यांनी. टाके घालून शिवलेलं कौंडिण्य जहाज पण इथलंच, २०२५ ला नौदलात आलं. छाती फुगते, खरंच. पण अशा बोटी एक-दोनच लागतात, दहा नाही लागत, त्यावर शंभर घरांची चूल पेटत नाही. सरकारी मोठी ऑर्डर सुद्धा हातात पडेपर्यंत आपली नाही. गोवा शिपयार्डमध्ये कोरियन कंपनीबरोबर १२ सुरुंगशोधक जहाजं फायबरमध्ये बांधायची होती, आम्ही सगळे लॅमिनेटर वास्कोकडे डोळे लावून बसलेलो, २०१८ च्या जानेवारीत तो सगळा प्रस्तावच गुंडाळला.

माझं कसं झालं ते थोडक्यात. शुक्रवारी सुपरवायझर म्हणाला सोमवारपासून ब्रेक, कळवतो. ब्रेक हा शब्द फार वाईट, त्याचा कायद्यात काही अर्थच नाही. कायद्यातला ले-ऑफ म्हणजे नोकरी शाबूत, काम तात्पुरतं नाही, आणि पन्नास किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात वर्षभर सलग काम केलेल्याला त्या दिवसांचा बेसिक आणि डीएचा अर्धा पगार मिळतो. नोकरीवरून काढणं म्हणजे छाटणी, त्याला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि भरलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. मला सुरुवातीला यातलं काहीच दिलं नाही, कारण मधे तीन वर्षं मला काँट्रॅक्टरच्या मस्टरवर टाकलेलं आणि मी बघितलंच नव्हतं, पगार तोच येत होता ना. पीएफचं पासबुक उघडलं तेव्हा कळलं की मालकाचं नाव बदललंय आणि सात महिने भरणाच नाही. मग लेबर ऑफिसच्या चकरा, पणजीला बस बदलून. शेवटी अर्धंमुर्धं मिळालं. म्हणून पोरांनो, अपॉइंटमेंट लेटर कोणाच्या लेटरहेडवर आहे ते पहिल्या दिवशी बघा, पगाराच्या स्लिपांचे फोटो काढून ठेवा, आणि पीएफ दर तीन महिन्यांनी मोबाईलवर चेक करा. पगार किती हे नंतर विचारलं तरी चालेल. (नाही, पगार पण विचारा.)

घरी बसलो दोन महिने. मग जूनला मासेमारी बंद झाली, १ जून ते ३१ जुलै, ट्रॉलर वर काढले की त्यांना फायबरचं कोटिंग, गळती, फुगे आलेला थर खरवडून परत घालायचा, असं काम मिळालं. घाणेरडं काम, माशाच्या वासात, पण थांबत नाही. बोट नवी कोणी घेवो न घेवो, पाण्यातली बोट बिघडतेच. तिथून कॅसिनोला माणसं ने-आण करणाऱ्या बोटींची दुरुस्ती, आणि आता एका प्रवासी बोटींच्या यार्डात आहे. तिकडे मागणी सरकतेय हे दिसतं, कोचीला २०२३ पासून बॅटरीवरची वॉटर मेट्रो धावते, आपल्याकडे २०२५ च्या पावसात रायबंदर-चोडण रो-रो (गाड्या चढवून नेणारी फेरी) सुरू झाली. आता मी पस्तिशीत बॅटरीचं वायरिंग शिकतोय, विशीतल्या पोराच्या हाताखाली, तो मला अंकल म्हणतो.

तुम्हाला शिकायचंच असेल तर नुसता रोलर फिरवण्यावर थांबू नका. व्हॅक्यूम इन्फ्युजन (हवा ओढून साच्यात रेझिन भरायची पद्धत) जिथे चालतं तिथे फुकट उभं राहायला मिळालं तरी राहा. वायरिंग येत असेल तर बोटीचं वायरिंग शिका, खाऱ्या हवेत घरगुती वायर वर्षभरात हिरवी पडते. लक्झरीच्या शेडमध्ये वर्षभर जरूर घालवा, फिनिशिंगचा हात तिथेच बसतो, माझा पण तिथेच बसला, नाकारत नाही. फक्त घराचा हप्ता त्या शेडच्या भरवशावर घेऊ नका.

त्या दोघांतला एक परवा एका यार्डात इंटरव्ह्यू देऊन आला. विचारलं, साच्यात काय होतं रे? म्हणाला एका साच्यावर ताडपत्री, बाजूच्यात गस्तीची बोट, आणि बाहेर दोन ट्रॉलर वर काढलेले. लेटर कंपनीचंच आहे म्हणे, फोटो पाठवला मला. सोमवारपासून जातोय. म्हटलं रेझिनची वाफ गाळणारा काडतुसवाला मास्क स्वतःचा घेऊन जा, तिथे कापडी देतील.