खिडकीही हवी, माजघरही हवं

फोटोग्राफीतलं माझं पहिलं पैशांचं काम म्हणजे जांबोटीच्या वाटेवरचं एक कौलारू घर. मालकांना होमस्टे काढायचा होता. जुलैचा पाऊस, खिडकीबाहेर हिरवंगार शेत आणि माजघरात भरदुपारी अंधार. मी ऑटो ब्रॅकेटिंग लावून, म्हणजे कॅमेऱ्यालाच कमीजास्त उजेडाचे फोटो घ्यायला सांगून, तीन फोटो काढले आणि बेळगावात येऊन सॉफ्टवेअरमध्ये एका बटणावर जोडले. मालक बघून म्हणाले, "भिंत पेटल्यागत दिसालीय की रे!"

खरंच तसं दिसत होतं. कडांना पांढरी वलयं आणि खिडकीत राखाडी चिखल. घरी आकडे मांडले तेव्हा चूक कळली. माझे तीन फोटो १/८, १/२ आणि २ सेकंदांचे होते, म्हणजे दोन-दोन स्टॉपच्या (उजेडाच्या पायऱ्यांच्या) अंतराने. खोलीला २ सेकंद ठीक होते, पण शेताला १/३० लागत होतं. एका स्टॉपला प्रकाश दुप्पट होतो, म्हणजे सहा स्टॉपला चौसष्ट पट. शेत माझ्या एकाही फ्रेममध्ये नव्हतंच, मग सॉफ्टवेअर ते आणणार कुठून?

तेव्हापासून मी कॅमेऱ्यावर भरवसा टाकत नाही. मॅन्युअल मोड, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, अॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/८, फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली. फोकस एकदा करून कुलूपबंद. बदलायचा तो फक्त शटर स्पीड, म्हणजे उजेड आत येण्याचा वेळ. आधी खिडकीपुरता, हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) उजव्या भिंतीला न आपटेल असा. मग एकेक-दोनदोन स्टॉप वाढवत खोलीपर्यंत. दोन सेकंदांचा टायमर लावाच. आणि ट्रायपॉडच्या पायाखाली काहीतरी ठेवा. पावसाळ्यात शेणाने सारवलेली जमीन ओली असते, पाय हळूच रुततो आणि फ्रेम केसभर सरकते. मी घरातल्याच तीन बश्या मागून घेतो. हसतात लोक, हसू देत.

जोडणी हाताने करा. खाली खोलीची फ्रेम, वर खिडकीची फ्रेम काळ्या मास्कसह (तिला झाकणारा पडदा; पांढरं रंगवू तिथे ती दिसते), आणि मऊ ब्रशने, फ्लो (रंग सुटण्याचा जोर) १०-१५ टक्के ठेवून, थोडं थोडं पांढरं. नवशिक्यांचा हात इथेच घसरतो: शेत इतकं गडद उतरवतात की भिंतीला कॅलेंडर टांगल्यासारखं दिसतं. बाहेरचं खोलीपेक्षा एक-दीड स्टॉप उजळच असू द्या. खिडकीच्या चौकटीच्या आतल्या बाजूला मधली फ्रेम वापरा, कारण तिथे बाहेरचा उजेड सांडलेला असतो. हलणारी भातपाती एकाच फ्रेममधून घ्या, नाहीतर पात्यांची दुहेरी भुतं दिसतात. फोटो काढतानाच खोलीतले बल्ब बंद करा. पिवळा आणि निळा उजेड निस्तरण्यात अख्खी संध्याकाळ जाते.

सरावाला बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे तिथलं जैन मंदिर, उत्तम. १२०४ च्या सुमाराची, मंडपाच्या छतात कोरलेलं दगडी कमळ सावलीत, आणि खांबांमधून बाहेरचं ऊन डोळ्यावर. संरक्षित वास्तूत ट्रायपॉडला परवानगी लागते, ती आधीच विचारा. नसेल तर ऊन पांढरं पडू न देता एकच रॉ काढा आणि सावली नंतर सॉफ्टवेअरमध्ये उजळा. थोडा नॉइज (दाणेदारपणा) येईल, चालतो.

दर ठरवताना फ्रेमचा नाही, खोलीचा सांगा. एका खोलीला माझे दोन तास मास्किंगमध्येच जातात, आणि गिऱ्हाइकाला वाटतं की फोटो तर खटकन निघाला.

त्या मालकांचं माजघर मी नंतर फुकट काढून दिलं. त्यांच्या आई खिडकीशी तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांना दोन सेकंद न हलता बसायला सांगितलं, तर त्यांनी श्वासच रोखून धरला, आणि शटर मिटल्यावरही बराच वेळ सोडेनात.