मिशीमुळे मास्कमध्ये शिरणारं पाणी

मालवणात सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंग करताना, म्हणजे तोंडातल्या नळीने श्वास घेत पाण्यावर तरंगून खालचं बघताना, माझ्या डोळे-नाक झाकणाऱ्या मास्कमध्ये सारखं पाणी भरायचं. ते काढायला उभं राहावं, तर खाली प्रवाळ. तो जिवंत प्राणी, शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित. त्यावर पाय ठेवायला मन धजेना.

पट्टा आवळून उपयोग नाही, सिलिकॉनची कड दुमडते आणि गळती वाढते. कारण निघालं मिशी! केसांमधून पाणी झिरपतं. नाकाखाली कड टेकते तेवढीच बारीक पट्टी भादरली, गळती थांबली.

काचेवर वाफ धरायची तेही सुटलं. नव्या काचेवर कारखान्यातला थर असतो, त्यामुळे वाफ धरते. आतून पांढरी टूथपेस्ट चोळून धुवायची. प्लॅस्टिकच्या काचेला मात्र नको, चरे पडतात.