लस टोचण्याआधीचे रक्त: थंडीपूर्वी वराहपालकांसाठी सल्ला

दिवाळीनंतर निफाडकडे पारा घसरू लागतो, शेडला बारदाने लागतात आणि उबेसाठी दाटीने बसलेल्या डुकरांत एकाचा आजार दुसऱ्याला लागायला वेळ लागत नाही. त्याआधीच स्वाइन फीवरची (डुकरांच्या जीवघेण्या विषाणूजन्य तापाची, क्लासिकल प्रकाराची) लस टोचून घ्यावी. मात्र या भागात मी पाहिलेली मोठी नुकसाने लस न दिलेल्या कळपांत झाली नाहीत. लस दिली, पण ती लागू पडली का हे कोणी पाहिलेच नाही, अशा कळपांत झाली.

डुकराच्या पिलाला गर्भात आईकडून प्रतिपिंडे (रोगजंतूंशी लढणारी रक्तातली प्रथिने) मिळत नाहीत. ती जन्मानंतरच्या पहिल्या दिवसात प्यायलेल्या चिकातून मिळतात. लस घेतलेल्या मादीचे पिलू त्यांच्यावर काही आठवडे तरते, पण त्याच काळात टोचलेली जिवंत लस तीच प्रतिपिंडे निकामी करतात. सिन्नरकडील एका पालकाने चौथ्या आठवड्यातच सगळी पिले टोचून घेतली होती. वहीत तारीख होती, आणि पौषात कान जांभळे पडलेली पिले एकमेकांना टेकून निपचित पडली होती.

म्हणून पशुवैद्यकाकडून रक्त दोनदा घ्यावे: लस टोचण्यापूर्वी आणि त्यानंतर २१ ते २८ दिवसांनी, त्याच बिल्ल्याच्या जनावरांचे. नुसत्या दुसऱ्या नमुन्यात सापडलेली प्रतिपिंडे आईची, जुन्या संसर्गाची की लसीची हे सांगता येत नाही. इन्फ्लुएन्झाच्या मृत लसीलाही हाच नियम आहे. तिथे नमुना किती पट पातळ केला तरी प्रतिपिंडे दिसतात हे मोजतात; १:२० वरून १:८० अशी चौपट वाढ दिसली तरच प्रतिसाद मानतात, कारण एका पायरीचा, म्हणजे दुपटीचा, फरक चाचणीतही पडतो. माझा अंदाज असा की मागच्या थानांवर वाढलेली पिले आधी ढासळतात, त्यामुळे नमुन्यात त्यांतली दोन-चार मी मुद्दाम धरतो.

रक्त सावलीत गोठू द्यावे, वर आलेले रक्तजल वेगळ्या नळीत काढून बर्फावर पाठवावे. अख्खे रक्त फ्रीजरमध्ये ठेवू नये. मोटारसायकलच्या डिकीत उन्हात फिरलेल्या नळीतले रक्तजल लालभडक होते आणि खेप वाया जाते. पहिले रक्तजल प्रयोगशाळेतच गोठवून ठेवायला सांगावे, म्हणजे दोन्हींची तपासणी एकाच वेळी होईल. पुण्यात औंधला रोग अन्वेषण विभाग आहे. नमुने तालुक्याच्या दवाखान्यामार्फत पाठवावेत.

इतर कामे:
– लस २ ते ८ अंशांत; मात्रा व जागा कुपीच्या पत्रकानुसार
– पहिल्या लसीचे वय पशुवैद्यकाने ठरवावे
– प्रत्येक जनावराला नवी सुई
– जंतनाशक, चुना, कोरडे अंथरूण
– सर्दी-तापाचा माणूस शेडबाहेर

दुकानदार 'प्रतिकारशक्तीचे' महागडे टॉनिक पुढे करतात. आईच्या प्रतिपिंडांनी अडवलेली लस त्याने लागू पडत नाही. दुसऱ्या नमुन्यात वाढ दिसली नाही, तर तो गट वेगळा ठेवावा, विक्री थांबवावी आणि पशुवैद्यकाच्या सल्ल्याने पुन्हा टोचून घ्यावा.