मुरगावचं पाणी भरून ऑस्ट्रेलियाला निघायच्या आधी

पहिल्यांदा चीफमेट (कॅप्टनच्या हाताखालचा पहिला अधिकारी) होऊन तारवावर चाललेल्यांसाठी लिहितोय, बाकीच्यांना हे पाठच असेल. मुरगावला कोळसा उतरवून जहाज परत ऑस्ट्रेलियाला लोडिंगला निघतं तेव्हा रिकामं जहाज स्थिर राहावं म्हणून टाक्यांत भरलेलं पाणी, म्हणजे बॅलास्ट, आपल्या झुवारी नदीच्या तोंडाचं असतं, ते तिकडे सोडायचं असतं आणि त्याआधी त्यातले जीव मारायचे असतात, त्यामुळे तयारी वास्कोलाच, मुरगाव बंदरात, पहिला बॅलास्ट पंप चालू करायच्या आधी.

आधी महिना बघा. पावसात झुवारी लाल गढूळ, बॅलास्ट ट्रीट करणाऱ्या सिस्टिमचा फिल्टर सारखा बॅकफ्लश मारत (उलट्या पाण्याने स्वतःला धूत) बसतो, यूव्ही (अतिनील प्रकाशाने जीव मारणारी) सिस्टिम असेल तर गढुळातून प्रकाशच जात नाही, आणि इलेक्ट्रोक्लोरिनेशन (खाऱ्या पाण्यात वीज सोडून क्लोरीन बनवणारी) असेल तर पाण्याचा खारटपणा उतरलेला, क्लोरीन धड तयार होत नाही. म्हणून मॅन्युअलमधल्या लिमिट वाचा, पॅनलवर अलार्म वाजल्यावर नाही, आधी. बर्थवर स्टॅबिलिटीला आणि प्रोपेलर बुडायला लागेल तेवढंच भरा, उरलेलं बाहेर निळ्या पाण्यात. सिस्टिम बायपास करायची वेळ आलीच तर कंपनीला कळवा, बॅलास्टच्या रेकॉर्ड बुकात कारणासकट लिहा, आणि त्या टाक्या खराब धरून पुढे पाणी बदलून परत ट्रीट करायचं ठरवूनच निघा. बदलायचं ते किनाऱ्यापासून किमान २०० नॉटिकल मैल आणि २०० मीटर खोलीवर, फ्लो-थ्रू (भरल्या टाकीत नवं पाणी ढकलून जुनं बाहेर काढणं) असेल तर टाकीच्या तिप्पट पाणी फिरवायचं. रिकामी करून भरायची पद्धत असेल तर बेंडिंग मोमेंट (जहाजाला वाकवणारा ताण) आधी काढा, पावसाळी लाटांत अर्धी टाकी घेऊन डुलायची हौस कोणाला नसते.

नुसतं बदललं की झालं, हा जमाना गेला. ८ सप्टेंबर २०२४ पासून आयएमओचं (आंतरराष्ट्रीय सागरी संघटना) डी-२ मानक सगळ्यांना, म्हणजे ५० मायक्रॉन आणि त्याहून मोठे जिवंत जीव एका घनमीटरला १० च्या आत, शिवाय कॉलरा, ई-कोलायची वेगळी मर्यादा. क्लोरीनवाल्यांनी पाणी सोडताना उरलेला क्लोरीन न्यूट्रल करायचं केमिकल पुरेसं आहे का ते स्टोअरमध्ये जाऊन डोळ्यांनी बघा, यादीवर जाऊ नका.

कागद तीन, बॅलास्टचेच: सर्टिफिकेट, त्याच जहाजाचा मंजूर प्लॅन, रेकॉर्ड बुक. बुकाचा नमुना १ फेब्रुवारी २०२५ पासून बदललाय, जुनंच ओढत असाल तर बघा. माझ्या मते सगळ्यात जास्त पकडतात ते वेळांवरून, बुकात शिप टाइम, सिस्टिमच्या लॉगमध्ये यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), डेक लॉगमध्ये तिसरंच काहीतरी, आणि इन्स्पेक्टर तिन्ही शेजारी ठेवून वाचतो. एकच टाइम ठरवा आणि सेकंड मेटलाही बजावा. सॅम्पलिंग पॉइंटचा व्हॉल्व्ह एकदा फिरवून ठेवा, गंजलेला असतो.

ऑस्ट्रेलियाचा प्री-अरायव्हल रिपोर्ट मार्स सिस्टिमवर (त्यांची ऑनलाइन रिपोर्टिंगची जागा) पोचायच्या ९६ ते १२ तास आधी जातो, नंतर काही बदललं तर लगेच अपडेट करायचा. चार्टररने (जहाज भाड्याने घेणाऱ्याने) मध्येच अमेरिका दाखवली तर बॅलास्ट सिस्टिमला यूएस कोस्ट गार्डची वेगळी टाइप अप्रूव्हल (त्या मॉडेलला मान्यता) आहे का ते पहिलं विचारा, आयएमओची तिथे पुरत नाही.